रोमच्या रस्त्यावरचे सोबती

रोम शहरी आगगाडीने जाणारा प्रवासी बहुधा तेर्मिनी स्थानकात उतरतो. नाव ऐकून अनेकांचा असा समज होतो की, गाड्या येथे येऊन थांबतात, म्हणजे हे टर्मिनस, म्हणून त्याला तेर्मिनी म्हणत असावेत. वास्तविक हे नाव जवळच असलेल्या प्राचीन स्नानगृहांवरून आले आहे. डायोक्लिशन बादशहाची ही स्नानगृहे इसवी सन ३०६ च्या सुमारास पुरी झाली. एका वेळी तीन हजार माणसे तेथे स्नान करू शकत, असा जुन्या वर्णनांवरून अंदाज करतात. अल्प मोलात सामान्य नागरिकालाही तेथे प्रवेश मिळे. आज त्यांचे भग्न अवशेष उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर १९५० साली पुरी झालेली स्थानकाची नवी इमारत आहे.

स्नानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानकात ३१ जानेवारी १९८३ रोजी एक वृद्धा, ती अस्वच्छ होती एवढ्याच कारणास्तव, मदतीवाचून मरण पावली.

तिचे नाव मोदेस्ता वालेंती. वय एकाहत्तर. घर नसल्यामुळे ती स्थानकाच्या आसऱ्याने राहत असे. ते दिवस रोममध्ये कडक थंडीचे. त्या दिवशी तिची प्रकृती एकाएकी बिघडली. रुग्णवाहिका आलीही, परंतु बाईच्या अंगावर उवा आहेत, कपडे मळलेले आहेत, हे पाहून तिला गाडीत घेण्याचे नाकारण्यात आले. मग तिला न्यावयाचे कोणी, हा घोळ सुरू झाला. तासांमागून तास गेले. शेजारून गाड्या सुटत होत्या, येत होत्या. घोळ मिटण्यापूर्वीच मोदेस्ताचे प्राण गेले.

मोठ्या शहरांत अशा मृत्यूची नोंद फार तर पोलिसांच्या दप्तरात होते. मोदेस्ताच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. कारण तिला नावाने ओळखणारी काही माणसे त्या शहरात होती. ती सांत एजिदिओ समुदायाची मंडळी. ही मंडळी कोण, आणि स्थानकावरच्या एका निराधार म्हातारीशी त्यांची ओळख कशी झाली, हे समजण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागेल.

१९६८ हे साल युरोपात विद्यार्थ्यांच्या बंडाचे साल म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रोममधील विर्जिलिओ विद्यालयाचा आंद्रेआ रिक्कार्दी हा अठरा वर्षांचा विद्यार्थी आपल्या काही सोबत्यांसह शुभवर्तमान वाचू लागला. वाचलेले आचरून पाहावयाचे, एवढाच त्यांचा बेत. व्हॅटिकनची दुसरी धर्मपरिषद संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. परिषदेच्या तोंडावर, ११ सप्टेंबर १९६२ रोजी, पोप तेविसावे जॉन यांनी नभोवाणीवरून केलेल्या भाषणात ख्रिस्तसभा ही सर्वांची आहे, पण विशेषेकरून ती गरिबांची आहे, असा विचार मांडला होता. या मुलांनी तो शब्दशः घेतला. दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या झोपड्या त्या काळी रोमच्या कडेने पसरल्या होत्या. सुखवस्तू घरांतील ही मुले दुपारची तेथे जाऊन झोपड्यांतील पोरांना शिकवू लागली. १९७३ साली त्यांना शहराच्या त्रास्तेवेरे या जुन्या भागातील संत एजिदिओचे लहानसे देऊळ व त्याला लागून असलेला जोगिणींचा जुना मठ मिळाला. त्यावरूनच समुदायाचे नाव पडले. एजिदिओ हा पांगळ्यांचा आणि भिकाऱ्यांचा कैवारी संत मानला जातो. पण नावाची ही जुळणी मुद्दाम केलेली नव्हती, ती त्या वास्तूबरोबर आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोममध्ये दानधर्माची वाण कधीच नव्हती. तिसऱ्या शतकातील संत लॉरेन्सची आख्यायिका तेथील मुलामुलांना ठाऊक असते. देवळाची संपत्ती हजर कर, असे अधिकाऱ्याने फर्मावले, तेव्हा लॉरेन्सने शहरातील दरिद्री व पंगू लोकांना त्याच्यापुढे उभे केले आणि हीच ती संपत्ती, असे सांगितले. मठांच्या दारात भुकेल्यांना वाढण्याची चालही शतकानुशतकांची. परंतु या सदावर्तांत देणारा उंबऱ्याच्या आत आणि घेणारा बाहेर, ही मांडणी कायम राहिली. दात्याचे नाव संगमरवरात कोरले जाई; घेणाऱ्याचे नाव विचारण्याचे कोणाला प्रयोजन वाटत नसे.

त्रास्तेवेरेच्या मंडळींनी नेमके नाव विचारण्यापासून आरंभ केला. त्यांची रीत अगदी साधी. हे लोक नोकरीधंदा करणारे, प्रपंची, शिकणारे. सेवेबद्दल वेतन नाही. संध्याकाळी चार-सहा जणांनी पाव, काही गरम पेय आणि पांघरुणे घेऊन निघावयाचे. आधी आपले नाव सांगावयाचे, हात पुढे करावयाचा, मग समोरच्याचे नाव विचारावयाचे आणि ते पुढच्या खेपेपर्यंत विसरावयाचे नाही. हे शेवटचे कलमच सर्वांत अवघड! ज्याच्याशी दिवसभरात कोणी बोललेले नाही, त्याला आठ दिवसांनी कोणी नावाने हाक मारावी, गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते विचारावे, याचे मोल पावाच्या तुकड्याहून काय ठरते, हे ज्याचे त्याला ठाऊक. पुष्कळदा उत्तर मिळत नाही. काही जण महिनोन् महिने तोंड फिरवून बसतात. त्यांच्याजवळही जाऊन बसावयाचे, एवढाच नियम. या लोकांना समुदायात ‘रस्त्यावरचे मित्र’ असेच म्हणतात.

१९८२ च्या नाताळात या मैत्रीला एक वेगळे रूप आले. त्रास्तेवेरेतील पवित्र मरियेची बॅसिलिका हे रोममधील अतिप्राचीन देवालयांपैकी एक. बाराव्या शतकातील सोनेरी कुट्टिमचित्रांखाली, ज्या जागी एरवी भाविक प्रार्थनेला बसतात, तेथेच मेजे मांडली गेली आणि सुमारे वीस जणांची पंगत बसली. त्यांत बेघर होते, एकाकी वृद्ध होते, आणि समुदायाची माणसेही त्यांच्याच शेजारी जेवावयास बसली. नाताळच्या दिवशी ज्याला घर नाही त्याने जेवावे कोठे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर असे होते. ती प्रथा पुढे वाढतच गेली. सत्तरांहून अधिक देशांत अशा पंगती बसू लागल्या. प्रत्येक पाहुण्याच्या पुढ्यात त्याचे नाव घातलेली भेटवस्तू ठेवलेली असते.

त्या पहिल्या पंगतीनंतर पाच आठवड्यांनी मोदेस्ता वारली.

मैत्री तिला वाचवू शकली नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिची ओळख असलेली माणसे त्या घटकेला तेथे नव्हती, आणि जी होती त्यांना ती केवळ एक घाणेरडी भिकारीण दिसली. समुदायाच्या मनाला हा घाव खोल लागला. तिच्या मृत्यूच्या स्मरणार्थ मिस्साबली अर्पण करण्याची प्रथा सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. रोमच्या रस्त्यांवर वारलेल्यांची नावे त्या वेळी एकामागून एक वाचली जातात. आरंभ मोदेस्तापासून होतो. प्रत्येक नावासरशी एक मेणबत्ती लागते, आणि त्यामुळे ती प्रार्थना बराच वेळ चालते.

शहरही अगदीच निद्रिस्त राहिले नाही. रोमच्या धर्मप्रांतातील सेवाकार्याचे प्रमुख, धर्मगुरू लुइजी दी लिएग्रो, यांनी १९८७ साली तेर्मिनीच्या लगतच बेघरांसाठी निवारा उघडला. पुढच्या वर्षी सांत एजिदिओ समुदायाचे भोजनगृह दांदोलो मार्गावर सुरू झाले. तेथे पाहुण्याने ताट घेऊन रांगेत उभे राहावयाचे नसते. तो मेजाशी बसतो आणि त्याला वाढले जाते. १९९० पासून समुदाय एक लहानशी पुस्तिका दर वर्षी छापून फुकट वाटू लागला. कोठे जेवावे, कोठे झोपावे आणि कोठे आंघोळ करावी, हेच तिचे नाव. तिसऱ्या कलमाची आवश्यकता घर असलेल्याच्या सहसा ध्यानात येत नाही. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांचे दानाधिकारी कॉनराड क्रायेव्स्की यांना रस्त्यावर राहणारा एक मनुष्य भेटला. त्या दिवशी त्याचा पन्नासावा वाढदिवस होता. त्यांनी त्याला उपाहारगृहात जेवावयास बोलाविले, तर तो म्हणाला की, आपल्या अंगाला वास येतो, आपण येऊ शकत नाही. रोममध्ये उपाशी कोणी मरत नाही, पण अंग धुण्यास जागा मिळत नाही, असेही त्याने सांगितले. तरीही ते दोघे जेवावयास गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत संत पीटरच्या चौकातील स्तंभांच्या आडोशाला बेघरांसाठी स्नानगृहे उघडली गेली, आणि सोमवारी केस कापण्याची सोयही झाली. २०१९ च्या नोव्हेंबरात त्या स्तंभांच्या अगदी पाठीमागचा मिल्योरी हा प्रासाद निवाऱ्यासाठी देण्यात आला. त्याची व्यवस्था सांत एजिदिओ समुदायाकडेच आली.

अशा कार्यावर आक्षेपही घेतले जातात. पावाचे पुडके वाटून मनुष्य रस्त्यावरच टिकून राहतो. त्याला घर देणे हे सरकारचे काम, आणि परोपकारी मंडळींमुळे सरकार निर्धास्त होते, असे टीकाकार म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही, असे नाही. पण मोदेस्ताला त्या दिवशी घराच्या आधी एका गाडीची गरज होती, आणि गाडी दारात उभी असून ती मिळाली नाही. सरकारी यंत्रणेला जो मनुष्य दिसतच नाही, त्याच्यासाठी ती हलणार कशी? तो दिसावा लागतो, आणि त्यासाठी कोणीतरी त्याच्या वतीने कचेरीत जाऊन भांडावे लागते. त्रास्तेवेरेच्या मंडळींनी हेही केले.

भांडण होते पत्त्याचे. इटलीत ज्याची नगरपालिकेच्या वहीत रहिवासी म्हणून नोंद नाही, त्याला ठरलेला वैद्य मिळत नाही, मतदान करता येत नाही, अनेक सवलती मिळत नाहीत. १९५४ च्या कायद्याने स्थिर घर नसलेल्यासही, तो जेथे वावरतो त्या नगरात, नोंदीचा हक्क दिलेला आहे. परंतु नोंद करावयाची तर रकाना भरला पाहिजे, आणि रकान्यात मार्गाचे नाव लागते. यावर तोड म्हणून रोमच्या नगरपालिकेने एक कल्पित मार्ग ठरविला. त्याला पुढे मोदेस्ता वालेंती हिचे नाव देण्यात आले.

रोमच्या नकाशात हा मार्ग सापडत नाही. त्यावर एकही दार नाही, दिवा नाही, झाड नाही. तरी त्याचे रहिवासी हजारोंनी मोजावे लागतात. त्यांच्या ओळखपत्रावर हाच पत्ता छापलेला असतो, आणि त्यांतले काही जण रात्री तेर्मिनीच्या भिंतीलगत पुठ्ठे अंथरताना दिसतात.