उमेदवारी (पदवीधरांची)

पदवीचे शिक्षण चालू असताना किंवा ते संपल्यावर कारखान्यात, कार्यालयात अथवा प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकण्याची कायद्याने बांधलेली व्यवस्था. बोलण्यात ‘अप्रेंटिसशिप’ हाच शब्द रूढ आहे. पदवीधरांसाठी ही मुदत साधारणतः एक वर्षाची असते.

भारतात या व्यवस्थेचा आधार म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम. सुरुवातीला तो फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन अशा हातव्यवसायांपुरता होता. अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले ते १९७३ च्या दुरुस्तीने. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांना मात्र त्यानंतर चार दशके वाट पाहावी लागली. २०१४ च्या दुरुस्तीने त्यांचा स्पष्ट समावेश झाला. महाराष्ट्रात पदवीधरांचा मोठा वाटा याच शाखांचा असल्याने हा उशीर महागात पडला, असेच म्हणावे लागते. आजही बी.ए. झालेल्या अनेकांना आपण उमेदवारीस पात्र आहोत हे ठाऊक नसते.

पदवीधरांच्या उमेदवारीचे काम केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील चार प्रादेशिक मंडळे पाहतात. ती मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथे आहेत. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये मुंबई मंडळाकडे असून त्याचे कार्यालय सायन-चुनाभट्टी भागात आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारही या संख्येत धरले जातात. उमेदवारांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असावे लागते. त्याच दुरुस्तीने पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले.

या साऱ्याचा कणा आहे करार. मालक आणि उमेदवार यांच्यात तो लेखी होतो व त्याची नोंदणी केली जाते. उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतो. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे कामगार कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. मात्र आरोग्य, सुरक्षितता आणि कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई यांचे संरक्षण त्याला मिळते. शिकवण्याची जबाबदारी मालकावर, मन लावून शिकण्याची उमेदवारावर. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही, ती स्वीकारण्याची उमेदवारावर नाही. करारात तशी अट घातली असेल तरच ती दोघांना बांधते. समाधानकारक प्रशिक्षणानंतर मंडळाकडून प्रमाणपत्र मिळते.

प्रशिक्षणार्थी हा दर्जा दुधारी आहे. ज्या ठिकाणी अनुभवी माणूस सोबत देऊन महिन्यागणिक काम बदलले जाते, तिथे हे वर्ष पदवीच्या तीन वर्षांइतके मोलाचे ठरते. जिथे कायम कर्मचाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर स्वस्तातला उमेदवार बसवला जातो, तिथे कायद्याचा हेतूच मारला जातो. अशा उमेदवाराला वर्षभर एकच नोंदवही भरायला लावणे याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

उमेदवारी आणि ‘इंटर्नशिप’ यांची गल्लत होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांनी कार्यप्रशिक्षण (ओजेटी) अभ्यासक्रमात आणले; पदव्युत्तर पहिल्या वर्षाला त्याचे चार श्रेयांक आहेत. पण ते पुष्कळदा विनावेतन असते आणि त्यामागे नोंदणीकृत करार नसतो. राज्य शासनाची २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणखी वेगळी. तिचे विद्यावेतन शासन देते. पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याची मुभा मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली आहे.

महाविद्यालयीन शिक्षणाला कामाची जोड देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवण्यास आरंभ केला. पिलानीच्या बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेत १९७३ पासून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उद्योगांत पाठवणारे ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये काढलेल्या महाविद्यालयातील ‘कमवा आणि शिका’ योजनेचा उद्देश निराळा होता: गरीब मुलाने श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा आणि श्रमाची लाज सोडावी. पुढच्या व्यवसायाचे शिक्षण हा तिचा मुख्य हेतू नव्हता.

उमेदवारी स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याने रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: कराराची नोंदणी झाली आहे का, विद्यावेतन थेट बँक खात्यात जमा होणार का, आणि शिकवणार कोण. तिसऱ्याचे उत्तर नाव घेऊन मिळाले नाही, तर दुसरी जागा शोधावी.