अंजनवेलची वीज आणि वेळणेश्वरचे बिल

वर्गातील मुलांना घरची गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले आणायला सांगावे. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वापरलेली युनिटे आणि उभ्या अक्षावर भरलेले रुपये घेऊन बारा बिंदू मांडावेत. युनिटांच्या टप्प्यांमुळे रेषा मध्येच मोडून अधिक चढी होते, मधल्या काळात दर बदलले असतील तर बिंदू थोडे विस्कटतातही. पण एक गोष्ट मुलांच्या लगेच लक्षात येते. ही रेषा डावीकडे वाढवली तर ती शून्यातून जात नाही. कोकणातल्या ज्या घरांना गणपती आणि शिमग्याखेरीज वर्षभर कुलूप असते, त्यांनाही दरमहा काहीतरी भरावेच लागते. बिलावर या रकमेला ‘स्थिर आकार’ म्हणतात.

घरात पंखा, दिवा कमी वापरून युनिटे कमी करता येतात. स्थिर आकार कमी करता येत नाही. त्यामागचा तर्क काय, आणि तोच तर्क हजारो कोटींच्या करारात शिरला की काय होते, हे समजून घ्यायला वेळणेश्वरसारखे गाव फार सोयीचे आहे.

वेळणेश्वर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, समुद्रकाठी, माडापोफळींच्या बागांत आहे. येथल्या घरांतही एके काळी उंडीच्या कडू तेलाचा दिवा आणि बागेला पाणी द्यायला रहाट असे. त्या ऊर्जेचे बिल पैशांत येत नसे, कष्टांत येत असे. बिया वेचायच्या, वाळवायच्या, घाण्यावर न्यायच्या आणि बैलाला वर्षभर वैरण घालायची. (बैलाची वैरण हा खरे तर स्थिर आकारच. रहाट पावसाळ्यात बंद असला तरी बैल खातोच.) पुढे रॉकेल आले, मग वीज. त्याच तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेल आहे. या नदीत वरच्या अंगाला पोफळीपाशी कोयनेचे अवजल येऊन मिळते. घाटावरचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली सोडून १९६२ पासून तेथे वीज होते. म्हणजे एकाच नदीच्या एका टोकाला पाण्यावरची स्वस्त वीज होती आणि दुसऱ्या टोकाला, गोपाळगडाच्या शेजारी, देशात सर्वाधिक गाजलेली महाग वीज तयार व्हायची होती. प्रकल्पाला नाव मात्र खाडीपलीकडच्या दाभोळचे मिळाले.

जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने प्राथमिक समझोता केला आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्या भागीदार होत्या. मधल्या काळात, एप्रिल १९९३ मध्ये, जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. बँकेचा आक्षेप तांत्रिक होता आणि तो घराच्या वापराशी जोडलेला आहे. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा मागणीचा शिखरभार असतो; मध्यरात्री ती घसरते. महाराष्ट्राला कमतरता भासत होती ती मुख्यतः शिखरभाराच्या वेळी. हा प्रकल्प मात्र आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर अहोरात्र चालायचा होता. त्याची वीज घ्यायची म्हणजे रात्री कोळशावरची स्वस्त केंद्रे मंद करावी लागणार. विजेचा मोठा साठा करता येत नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य येथे कोट्यवधी रुपयांचे ठरते.

मार्च १९९५ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि वर्षभरात फेरवाटाघाटी करून तो पुन्हा, अधिक मोठा करून स्वीकारला. दोन टप्पे मिळून क्षमता २१८४ मेगावॉट ठरली. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने कराराचे आकडे मांडून धोक्याची सूचना दिली होती. गुहागर तालुक्यातल्या गावांनीही मोठा विरोध केला. १९९७ मध्ये तेथे पोलिसी कारवाई व अटका झाल्या. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वायू यायचा होता तोवर इंधन म्हणून नाफ्था जाळायचा होता.

आता गणित करू. करारातील किंमत दोन भागांत होती. इंधनाचा खर्च घेतलेल्या युनिटांप्रमाणे, आणि क्षमतेचा आकार वीज घ्या वा न घ्या. ७४० मेगावॉटचे केंद्र ९० टक्के क्षमतेने ३० दिवस चालले तर सुमारे ४८ कोटी युनिटे होतात. महिन्याचा स्थिर भार ९५ कोटी रुपये धरला तर दर युनिटामागे साधारण २ रुपये पडतात. मंडळाने यातली एक तृतीयांशच क्षमता वापरली, तर युनिटे १८ कोटींच्याही खाली येतात आणि तोच भार युनिटामागे सव्वापाच रुपयांच्या पुढे जातो. त्यात इंधनाचे अडीच रुपये मिळवा. हे केवळ कागदावरचे उदाहरण नाही. २००० सालच्या अखेरीस काही महिन्यांत मंडळाला ही वीज खरोखरच ७ रुपयांच्या वर पडली. १९९९ च्या आरंभी दहा-बारा डॉलरला मिळणारे खनिज तेलाचे पिंप २००० च्या शरदात ३० डॉलरच्या पुढे गेले होते, नाफ्था त्याबरोबर चढला. कराराच्या वेळी सुमारे ३१ रुपयांचा डॉलर ४६ च्या पुढे गेला होता, आणि किमतीचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. महाग म्हणून मंडळाने वीज कमी घ्यावी, तर उरलेली आणखी महाग व्हावी, असे ते चक्र होते.

आमच्या मते यात काटकसरीचा दोष नाही. भांडवलाचा खर्च स्थिर आकाराने वसूल करणे हेही गैर नाही. कोयनेच्या धरणालाही तो आहेच. दोष होता तो मागणी किती वाढेल याचा फुगवलेला अंदाज, आणि तो चुकला तर तोटा कोणी सोसायचा याचे उत्तर एकाच बाजूला लिहिण्यात.

त्याच सुमारास एक चांगली गोष्टही घडली. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि २००० मध्ये दरवाढीवर पहिल्यांदाच जाहीर सुनावण्या झाल्या. सामान्य ग्राहकाला मंडळाचे हिशोब वाचता आले. मंडळ वर्षानुवर्षे सांगत होते त्याहून वीजगळती खूप जास्त, तीस टक्क्यांच्या आसपास, असल्याचे त्यातून बाहेर आले. वेळणेश्वरच्या घराने तीन दिवे बंद केले तरी त्या गळतीची भरपाई त्याच्या बिलात होतीच.

शेवटचा वाद तर भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगा आहे. २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने पूर्ण क्षमतेची वीज मागितली. थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण भार देऊ, असे कंपनीने जाहीर केले होते. ते जमले नाही, आणि मंडळाने ४०१ कोटी रुपयांच्या दंडाचा दावा केला. या केंद्रात गॅस टर्बाइनच्या तप्त धुरावर वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवतात. गॅस टर्बाइन झटपट वेग घेते, पण वाफेच्या टर्बाइनचे जाड पोलादी भाग एकदम तापवले तर आतबाहेर असमान प्रसरण होऊन तडे जाण्याची भीती असते. ते सावकाश तापवावे लागतात. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये करार बदलण्याची शिफारस केली, मे महिन्यात मंडळाने करारच रद्द केला, केंद्र बंद पडले, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

त्यानंतरची वर्षे विचित्र होती. तालुक्याच्या टोकाला यंत्रे गंजत उभी आणि २००५ च्या सुमारास राज्याच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन. पंप रात्री-अपरात्री चालवायचा, रॉकेलचा कंदील पुन्हा फडताळातून काढायचा. त्याच वर्षी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी भागीदारीची कंपनी निघाली व केंद्र पुढच्या वर्षी चालू झाले. २०१३ मध्ये देशी वायू आटल्यावर पुन्हा थंडावले आणि २०१५ पासून काही वर्षे रेल्वेला वीज देऊ लागले. मंडळ २००५ मध्येच विभागले गेले, बिल महावितरणच्या नावाने येऊ लागले.

घराने काय केले? ६० वॉटचे तीन बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला २७ युनिटे. ९ वॉटच्या एलईडी दिव्यांनी तेच काम सुमारे ४ युनिटांत होते, आणि २०१५ नंतर हे दिवे स्वस्त झाले. ज्यांचा वापर १०० युनिटांच्या थोडा वर जातो त्यांना याचा दुहेरी फायदा होतो, कारण वरच्या टप्प्यातली महाग युनिटेच आधी कमी होतात. फेब्रुवारी २०२४ पासून छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्र सरकारचे वाढीव अनुदानही मिळू लागले. एक किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिटांच्या आसपास देते; कोकणच्या आषाढात त्याची अपेक्षा धरू नये. शिवाय पॅनेलमधले घट एकसरीत जोडलेले असतात, त्यामुळे माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी उत्पादन त्या सावलीच्या मानाने कितीतरी अधिक घटते. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी छतावरची सावली डिसेंबरमध्ये, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला पाहावी. तेव्हा सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात.