गंडा बांधणे आणि गंडा घालणे

मराठीत 'गंडा' हा शब्द मोठा खट्याळ आहे. गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा तोही गंडा, आणि लबाडाने भोळ्या माणसाला घालायचा तोही गंडाच. एकाने माणूस विद्येशी जोडला जातो, दुसऱ्याने तो नागवला जातो. या दोहोंची व्युत्पत्ती कोशकार कशी लावतात ते लावोत. पण एखाद्या थोर गवयाच्या दारात रेडिओसाठी मुलाखत मागायला कुणी उभा राहिला, की मला हे दोन्ही अर्थ एकदम आठवतात. कारण तो जे मागतो, ते पूर्वी गंडा बांधून घेणाराच मागत असे: तुम्ही हे कुणाकडून मिळवले, कसे मिळवले, आणि हा राग तुम्ही असाच का गाता? फरक इतकाच की गंडेबंद शिष्य त्यासाठी बारा वर्षे घालवी, आणि रेडिओवाल्याला ते अर्ध्या तासात हवे असते. गवई बिचकला तर त्यात नवल कसले?

पूर्वीच्या मागण्याची रीत काय होती, ते केसरबाई केरकरांच्या उदाहरणावरून कळते. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या बाईंनी लहानपणी अब्दुल करीमखाँसाहेबांकडे थोडे, पुढे वझेबुवांकडे थोडे, भास्करबुवा बखल्यांकडे थोडे असे शिकून पाहिले. पण ज्यांचे गाणे हवे होते ते अल्लादियाखाँसाहेब सहजी हाती लागणारे नव्हते. मिनतवाऱ्या झाल्या, कडक अटी आल्या, त्या मान्य झाल्या, आणि १९२१ साली गंडा बांधला गेला. १९४६ च्या मार्चमध्ये खाँसाहेब पैगंबरवासी झाले तोपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ही तालीम हे त्या बाईंच्या आयुष्याचे मुख्य काम होते. ज्या माणसाने विद्येचे असे मोल मोजले आहे, त्याच्यापुढे कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि 'जरा थोडक्यात सांगा' म्हणाले, तर त्या 'थोडक्यात'ने त्याच्या कपाळाला आठ्या पडणारच!

गंड्यावाचून विचारण्याची प्रथा आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पाडली ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. ते व्यवसायाने वकील. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. १९०७ साली नागपूरवरून पुढे कलकत्त्यापर्यंत गेले. १९०८ साली उत्तरेतली शहरे आणि संस्थाने पालथी घातली. बरोबर प्रश्नांची जय्यत तयारी. श्रुती किती मानता, या रागाचा थाट कोणता, आधार कोणत्या ग्रंथाचा? उत्तर पटले नाही तर पुन्हा प्रश्न. गवयाच्या बैठकीत त्यांनी न्यायालयातली उलटतपासणी आणली, असे म्हटले तर त्यांचा अपमान होऊ नये. कित्येक उस्ताद त्यांच्यावर रुष्ट झाले, कित्येकांनी चीज लपवली. तरीही आज शाळेतले पोर क्रमिक पुस्तक उघडून यमनातली बंदिश म्हणू शकते, ते या चिवट प्रश्नकर्त्यामुळे. विचारल्यावाचून काही मिळत नाही, हा त्यांच्या प्रवासाचा धडा. आणि विचारण्याच्या तऱ्हेवर काय मिळते ते ठरते, हा दुसरा.

मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या आमच्या स्टेशनांवरूनच जाते. पण विचारणारा माणूस नेहमी मोठ्या गावाचे तिकीट काढतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे यायचे आहे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या २३ जुलैला सुरू झाले. १९३६ साली त्या खात्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. आमच्या वऱ्हाडाच्या कानी आपल्या बाजूचा आवाज पडला तो १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र उघडले तेव्हा. पोस्टात परवान्याचे पैसे भरून घेतलेला एखादा रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल, आणि संध्याकाळी ओट्यावर जमलेली आळी, हे चित्र अमरावती-अकोल्याच्या थोरामोठ्यांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. ज्या गवयाच्या बैठकीला जायची ऐपत नव्हती आणि निमंत्रण तर नव्हतेच, तो गवई आता आपण होऊन ओट्यावर आला. नभोवाणीचे हे ऋण मोठे आहे. संस्थाने विलीन होऊन दरबारचे आश्रय सुटले, तेव्हा शेकडो कलावंतांच्या घरची चूल या खात्याच्या मानधनावर पेटत राहिली, हेही विसरून चालणार नाही.

पण आता मागणारा बदलला होता. मागणारे सरकार होते, आणि सरकारची विनंती छापील नमुन्यावर येते: तारीख अमुक, वेळ अमुक, मिनिटे इतकी, मानधन इतके, सही करून परत पाठवावे. १९४० साली हार्मोनियमला केंद्रातून हद्दपार केले गेले, आणि पुढे सुमारे तीन दशके ती बाहेरच राहिली. ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला पाहिला, त्या महाराष्ट्राला हे किती लागले असेल! स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर गायिकांचे 'खाजगी आयुष्य' पाहून त्यांना दार उघडायचे की नाही ते ठरवण्याचे धोरण आले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जिवंत ठेवली त्या घराण्यांतल्या बायांना, तुमचे गाणे हवे पण तुम्ही नकोत, असे सांगण्यासारखेच ते होते. आणि १९५२ साली, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री झाल्यावर, कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली. चाचणी मंडळाचे प्रमुख होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे पट्टशिष्य. मुंबईच्या कलावंतांत मोठी खळबळ उडाली. गुरू गावोगाव हिंडून विचारीत होता. शिष्याच्या हातून आता सरकार बोलावून विचारू लागले. रातंजनकर स्वतः थोर विद्वान आणि निःस्पृह, त्यात वाद नाही. पण उस्तादाच्या घरी जाऊन विचारलेला प्रश्न हा जिज्ञासेचा असतो, आणि त्याला केंद्रात बोलावून विचारलेला तोच प्रश्न परीक्षेचा होतो. त्याच वर्षाच्या जुलैत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर एकाच वेळी एकच गाणे ऐकू येऊ लागले. मान आणि अपमान एकाच वर्षी, एकाच खात्याकडून आले.

केसरबाईंचे नभोवाणीशी आणि ध्वनिमुद्रणाशी फारसे सख्य कधी जमले नाही. त्यांना जाणकार समोर बसलेले लागत. गाणे चालू असता कुणाची मान डोलते, कुणाची डोलत नाही, याच्याकडे त्यांचे लक्ष असे, आणि यंत्राला मान नसते! तीन-साडेतीन मिनिटांच्या मोजक्या तबकड्या त्यांनी दिल्या, आणि १९६०-७० च्या दशकात मैफलीतून निवृत्त झाल्या. नियतीची थट्टा पाहा. अमेरिकेने अंतराळात यान सोडायचे ठरवले, त्यात पृथ्वीचे संगीत पाठवायचे ठरले, तेव्हा हिंदुस्थानातर्फे निवड झाली ती याच बाईंच्या भैरवीच्या तबकडीची. 'व्हॉयेजर-१' निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला. ज्यांना अनोळखी श्रोता नको होता त्यांचे गाणे आज सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडून, जिथे श्रोता आहे की नाही हेच ठाऊक नाही अशा पोकळीत चालले आहे.

त्यांच्या गुरूची कथा याच्या उलट. अल्लादियाखाँसाहेबांनी आपल्या गळ्याची एकही तबकडी मागे ठेवली नाही. ते कसे गात हे आपण फक्त शिष्यांच्या गळ्यावरून ताडायचे. पण उतारवयात त्यांचा नातू अझीझुद्दीनखाँ जवळ बसला, विचारत गेला, लिहून घेत गेला, आणि आजोबांचे आयुष्य कागदावर उतरले. अमलेट्याच्या मुक्कामात अतिश्रमाने आवाज कसा बसला, हे त्यामुळे आपल्याला कळते. आणि त्या अधू झालेल्या गळ्याने पुढे जी वळणावळणाची, पेचदार वाट काढली तीच जयपूर घराण्याची गायकी झाली, असे जाणकार सांगतात. शिष्येचा गळा उरला, गुरूचे बोलणे उरले. जे मागितले गेले आणि दिले गेले तेवढेच उरले, बाकी त्या त्या माणसाबरोबर गेले.

या बाबतीत आदर्श म्हणून मी बी. आर. देवधरांकडे पाहतो. मिरजेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू. 'संगीत कला विहार' या मासिकात त्यांनी एकेका गवयाचे आयुष्य लिहिले, आणि पुढे 'थोर संगीतकार' हे पुस्तक झाले. त्यांचे गुपित साधे होते. मुंबईच्या त्यांच्या विद्यालयात गवई येत, गात, जेवत, गप्पा मारत. देवधर आधी ऐकत, मग विचारत. भातखंड्यांना उत्तर हवे होते. देवधरांना माणूस हवा होता.

आमच्या मूर्तिजापूरने महाराष्ट्राला वसंतराव देशपांडे दिले. २ मे १९२० हा त्यांचा जन्मदिवस. आई त्यांना घेऊन नागपूरला आली, शंकरराव सप्र्यांकडे शिक्षण झाले. मामाबरोबर लाहोरला गेले असता असदअलीखाँ या फकीर वृत्तीच्या गवयाने त्यांना काही महिने केवळ मारवा शिकवला, आणि आता तुला बाकीचे आपोआप येईल अशा अर्थाचे काही सांगितले, ही हकिगत आज घरोघरी माहीत आहे. का माहीत आहे? वसंतराव बोलके होते, आणि त्यांना विचारणारे मित्र भेटले म्हणून. लष्कराच्या हिशेब खात्यात आकडे मांडीत बसलेला हा माणूस मुका असता, तर असदअलीखाँचे नावही आपल्या कानी आले नसते. १९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले आणि वसंतरावांचे खाँसाहेब सर्वांनी पाहिले. त्या नाटकातला पेच हाच नाही का? विद्या मागायला आलेला सदाशिव दारातून परत पाठवला जातो, मग तो चोरून ऐकतो. गंडा बांधून घेणे आणि गंडा घालणे यांच्या मधली सगळी अवघड जागा दारव्हेकरांनी त्या एका पात्रात उभी केली.

मला स्वतःला ही जागा एकदा ओलांडावी लागली. पंचवीस वर्षांपूर्वी एका केंद्राच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमासाठी अकोल्याच्या एका वृद्ध गवयांची मुलाखत घ्यायचे माझ्याकडे आले. वऱ्हाडात त्यांचा मोठा लौकिक होता. मी अमरावतीहून विनंतीचे पत्र धाडले. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले, त्यावर एकच ओळ: 'तुम्ही मला कोठे ऐकले ते कळवावे.' मी त्यांना एका खाजगी बैठकीत ऐकले होते. मारवाच गायले होते आणि निषाद लावून बराच वेळ थांबले होते. तेवढे लिहिले. उलट टपाली 'या' आले. दोन तास बोलले. मी वहीत टिपणे घेत होतो ते पाहून हसले, म्हणाले, "मास्तर, गानं असं कागदावर उतरते काय जी?" पण थांबा म्हणाले नाहीत. गुरूच्या घरी पाणी भरल्याचे बोलले, आणि एका लग्नात गाणे संपण्याआधी पंगत बसली म्हणून न जेवता परतल्याचेही. प्रक्षेपण झाले सव्वीस मिनिटांचे. फितीवर पुढे दुसरा कार्यक्रम चढला, असे मला नंतर कळले. बुवा आता नाहीत. दोन तासांतले उरले आहे ते शाळेच्या त्या दुरेघी वहीत, माझ्या अक्षरात, त्यांच्या आवाजावाचून.

म्हणून मघाची स्टेशनांची गोष्ट. केसरबाईंना नकार देता आला, कारण त्यांच्या दारात कुणी मागायला आले होते. नकारालाही आधी मागणी यावी लागते. वऱ्हाडातल्या किती गळ्यांना तेवढाही मान मिळाला? गाडगेबाबांच्या अखेरच्या काळातले, १९५६ सालचे एक कीर्तन मुंबईत कुणी यंत्रावर धरून ठेवले, म्हणून तो खडा सवाल आजही आपल्याला ऐकू येतो. तुकडोजी महाराजांची खंजिरी दिल्लीपर्यंत आणि जपानपर्यंत वाजली, म्हणून तिची नोंद राहिली. पण त्यांच्या मागे टाळ धरून उभे राहिलेले, देवीच्या देवळात रात्र जागवणारे, तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे पोरांना सा लावायला शिकवणारे मास्तर, यांच्या ओसरीवर कोण गेले? आपल्या गुरूचे नाव सांगणारी ही शेवटची माणसे. त्यांच्याबरोबर दोन-दोन पिढ्यांची नावे जात आहेत.

आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. केंद्राची, छापील नमुन्याची, कुणाच्या श्रेणीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. या दिवाळीत गावी जाल तेव्हा अशा एखाद्या वृद्धाकडे जा. खिशातले यंत्र आधी काढू नका. त्यांना कुठे ऐकले ते सांगा. ऐकले नसेल तर आधी ऐका. नको म्हणाले तर पाया पडून परत या, आणि पाडव्याला पुन्हा जा.