छतातून उतरणारं कबुतर

दक्षिण जर्मनीतल्या, विशेषतः बव्हेरियातल्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर मान वर करून छत नीट पाहा. काही ठिकाणी चित्रांच्या गर्दीत एक गोल भोक दिसेल. त्याला ‘पवित्र आत्म्याचं छिद्र’ म्हणतात. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरल्याच्या आठवणीत येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला माळ्यावर चढलेला माणूस त्यातून दोरीला बांधलेलं लाकडी कबुतर सावकाश खाली सोडायचा. पाठोपाठ पाकळ्या पडायच्या. काही गावांत जवसाच्या धाग्यांचे पेटते बोळेही टाकत, पण चर्चला आग लागायची धास्ती असे. कुठे कुठे जिवंत कबुतरं सोडत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांना हे पोरखेळ वाटू लागले आणि प्रथा बरीचशी मोडली. काही गावांनी ती आज पुन्हा धरली आहे.

पेंटेकॉस्टच्या मूळ कथेत मात्र कबुतर नाहीच. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये त्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज होतो आणि अग्नीच्या जिभा दिसतात. कबुतर येतं ते यार्देन नदीवर, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी. पण वारा दोरीला कसा बांधणार? डोळ्यांना दिसेल असं काही हवं, म्हणून भाविकांनी नदीवरचं पाखरू इथे आणलं असणार. मला यात त्यांची चूक दिसत नाही.

या पाखराला एवढा मान का? मध्ययुगीन पंडित सांगत, कबुतराला पित्त नाही, म्हणून त्याच्या ठायी राग नाही. यातलं अर्धं खरं आहे. कबुतराला पित्ताशय नसतं; पित्त मात्र यकृतात तयार होतं आणि थेट आतड्यात उतरतं. रागाचं म्हणाल, तर घरट्याच्या जागेवरून दोन नर एकमेकांना पंखांनी कसे बडवतात, हे खिडकीच्या छज्ज्यावर कुणीही पाहावं. माझ्या लेखी त्याची थोरवी वेगळीच आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर पडायच्या सुमारास नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दह्यासारखा दाट स्राव तयार होतो. पिल्लू आईच्या किंवा बापाच्या चोचीत चोच खुपसून तो ओढून घेतं, आणि पहिले काही दिवस त्यावरच वाढतं.

पवित्र आत्म्याचं रूप म्हणून कबुतराला एकदा प्रतिस्पर्धीही मिळाला. बव्हेरियातल्याच काउफबॉयरेन गावातली क्रेसेन्सिया ह्योस (१६८२–१७४४) ही विणकराची मुलगी. घरची गरिबी, त्यामुळे मठात प्रवेश मिळेना. गावच्या प्रोटेस्टंट नगराध्यक्षानं शब्द टाकला, तेव्हा १७०३ मध्ये तिला आत घेतलं. दृष्टान्तात तिला पवित्र आत्मा देखण्या तरुणाच्या रूपात दिसला. तशी चित्रं निघाली आणि लोकांत पसरली. तिच्या मृत्यूनंतर, १७४५ मध्ये, पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी आउग्सबुर्गच्या बिशपना पत्र लिहून ती थांबवायला सांगितली: पवित्र आत्मा शास्त्रात जसा प्रकटला तसाच दाखवावा, कबुतराच्या किंवा अग्नीच्या जिभांच्या रूपात. क्रेसेन्सियावरची लोकांची श्रद्धा त्यामुळे ढळली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली तिला संत म्हणून घोषित केलं.