नुखामिया : डोक्याची जखम भरल्यानंतर

मोटारसायकलवरून पडून डोकं फुटलेला माणूस आमच्या ईटसारख्या गावात शोधावा लागत नाही. जीव वाचतो, टाके निघतात. पण काही जणांचं सहा महिन्यांनी, वर्षाने वेगळंच सुरू होतं. अंगात जोर राहत नाही, थंडी सोसत नाही, दाढी विरळ होते. बाईची पाळी थांबते. गाव म्हणतं, अपघाताचं निमित्त करून आळशी झाला. कुणी दर्ग्यावर न्यायला सांगतं. रक्त तपासा असं सांगणारा मात्र क्वचित भेटतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबते. मराठीने तिला पीयूषिका म्हटलं, म्हणजे थेट अमृताशी नातं जोडलं. अरबी-उर्दूत ती नुखामिया, आणि नुखामा म्हणजे बलगम! लॅटिन नावही कफावरूनच आलंय. मेंदूतला कफ इथून नाकात उतरतो, असं गॅलेन मानायचा आणि ही समजूत सतराव्या शतकापर्यंत टिकली. अंदलुसच्या अल-जहरावीने हजार वर्षांपूर्वी 'तसरीफ'मध्ये कवटीच्या फ्रॅक्चरवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. पण मार बसलेल्या डोक्यात या ग्रंथीचं काय होतं, हे कळण्याची तेव्हा सोयच नव्हती.

ही ग्रंथी हाडाच्या खळग्यात बसते. त्या खळग्याचं नाव 'तुर्की खोगीर'. खोगीर भक्कम आहे, नाजूक आहे तो देठ. पुढच्या भागाला रक्त बहुतांशी देठालगतच्या बारीक नसांतून मिळतं. जोराचा हिसका बसला किंवा मेंदू सुजला की त्या नसा तुटतात, दबतात.

१९१८ साली जर्मनीत सिरान या डॉक्टरने कवटीचा तळ फुटल्यावर ग्रंथी निकामी झाल्याची नोंद केली. १९४२ च्या एका आढाव्यात मात्र ग्रंथी मंदावलेल्या ५९५ रुग्णांत अशी कारणं चारच निघाली. झालं, 'दुर्मिळ' असा शिक्का बसला तो बसलाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर कोसळल्या, तेव्हाही हाच समज होता. डोक्याला मार लागूनही वाचलेल्यांचे हार्मोन तपासायला हवेत, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार? २००७ मध्ये निरनिराळे अभ्यास एकत्र मोजले गेले. डोक्याला मार लागून महिने उलटलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांत ग्रंथीचं एखादं तरी काम कमी पडलेलं आढळलं.

यातली काही उणीव आपोआप भरून येते, काही वर्षभराने नव्याने दिसते. म्हणून एकदाच तपासून भागत नाही. तीन ते सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने बघावं लागतं. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची टी-फोर या तपासण्या तालुक्याच्या डॉक्टरलाही लिहून देता येतात. नुसती टीएसएच पुरत नाही. ग्रंथीच मंद असेल तर ती नॉर्मल दिसू शकते. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी त्याची गोळी, मग थायरॉइडची. हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.

अशा माणसाने रमजानचे रोजे डॉक्टरला विचारल्याशिवाय धरू नयेत. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. घरच्यांनी त्याला टोमणे मारू नयेत.