उशिरा लावलेली चाळणी

माध्यमिक शाळेतल्या मुलांची स्वमग्नतेसाठी चाळणी करायची म्हटले, की शिक्षकांच्या खोलीतून पहिला प्रश्न येतो, ‘तसे काही असते तर बालवाडीतच नसते का कळले?’ प्रश्न रास्त आहे. या विषयात नव्याने येणाऱ्याने त्याचेच बोट धरून आत यावे. न बोलणारे, हात फडफडवणारे, तीन-चार वर्षांचे मूल म्हणजे स्वमग्न मूल, हे चित्र आपल्या मनात पक्के आहे. लिओ कॅनर यांच्या ११ मुलांवरच्या १९४३ च्या लेखापासून ते पक्के होत गेले. मात्र त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा शाळकरी मुलग्यांचे वर्णन केले होते. आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी भरभरून बोलणारी, एखाद्या विषयात मोठ्यांनाही गप्प करणारी मुले टिपली. आस्पर्गर यांनी लिहिले जर्मनमध्ये. १९८१ साली लॉर्ना विंग यांनी लक्ष वेधेपर्यंत इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्यांचा जवळजवळ पत्ता नव्हता. बोलके मूल शास्त्राच्याच नजरेतून जवळपास चाळीस वर्षे निसटले. साठ मुलांच्या वर्गात ते निसटले तर बाईंना काय बोल लावायचा?

प्राथमिक शाळेत एक वर्ग, एक बाई, ठरलेली जागा. माध्यमिकमध्ये दर तासाला माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर शिस्तही. खेळावर चालणारी मैत्री आता टोमण्यांवर, अर्धवट सोडलेल्या वाक्यांवर, चिडवण्यावर चालू लागते. तोवर कसेबसे रेटून नेलेले इथे अडते.

नववीतली एक मुलगी आठवते. मधल्या सुट्टीत चौघींच्या घोळक्यात डबा खायची, सगळ्या हसल्या की हसायची. नीट पाहिले तर तिचे हसू क्षणभर मागून यायचे: आधी शेजारणीच्या तोंडाकडे एक नजर, मग हसू. वर्गशिक्षिकेने भरलेल्या प्रश्नावलीत जवळपास सगळीकडे ‘नाही’. तीच प्रश्नावली आईने भरली तेव्हा गुण कितीतरी वर गेले. शाळेतून आली की दप्तर टाकून ती दिवा न लावता, कानांवर उशी दाबून तासभर पडून राहते, हे फक्त आईला ठाऊक होते. खरे कोणाचे धरायचे? दोघींचेही. या वयातली चाळणी मुलाइतकीच पाहणाऱ्यालाही मोजते, हे मला या क्षेत्रात फार उशिरा उमगले.

सगळ्यांकडेच पाहायचे ठरवले तर काय दिसते, याचा बोलका दाखला दक्षिण कोरियातला आहे. गोयांग शहराच्या एका भागात ७ ते १२ वर्षांची सुमारे ५५ हजार मुले नजरेसमोर ठेवून संशोधकांनी पालक आणि शिक्षकांकडून २७ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, आणि चाळणीवर राहिलेल्यांतल्या काहींना प्रत्यक्ष तपासले. २०११ मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला: २.६४ टक्के. आकडा गाजला, पण त्याच्या पोटातली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. यातली दोन-तृतीयांश मुले साध्या शाळांत, निदानाशिवाय आणि मदतीशिवाय शिकत होती. विशेष शाळा आणि दिव्यांग नोंदणीतून घेतलेल्या गटात एका मुलीमागे पाच मुलगे होते. साध्या शाळांतल्या गटात अडीच. मुली कुठे दडतात, ते यावरून कळावे.

म्हणून उद्याच शाळाशाळांतून प्रश्नावल्या वाटत सुटू नये. आधी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, शाळेत १००० मुले आहेत आणि त्यांत १० स्वमग्न. चाळणी चांगली आहे: दहांतली आठ पकडते, आणि स्वमग्न नसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना बरोबर सोडते. तरीही उरलेल्या ९९० पैकी ९९ जण तिच्यात अडकतात. म्हणजे चिठ्ठी जाणार १०७ घरी, आणि खरी ठरणार आठ घरांत. ही ९९ मुलेही अगदी उगाच अडकलेली नसतात बरे. कुणाला सततची चिंता, कुणाला अध्ययन अक्षमता, कुणाचा वर्गात छळ चाललेला. पण चिठ्ठीनंतर तपासणारे माणूसच हाताशी नसेल, तर चाळणी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेचीही एक अडचण आहे. इतर मुले याला विक्षिप्त प्राध्यापक समजतात का, अशा अर्थाचा प्रश्न त्याच २७ प्रश्नांत आहे. आपल्याकडे वर्ग अशा मुलाला ‘आजोबा’ म्हणतो, ‘पंडित’ म्हणतो. प्राध्यापक म्हटलेले मी तरी ऐकले नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या भारतीय मापनपट्टीत ४० बाबी आहेत आणि सुरुवातच नजरेला नजर न देण्यापासून होते. आता कित्येक मराठी घरांत मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणे यालाच वळण म्हणतात! शिवाय ही मापनपट्टी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देताना वापरायची असते. तिला चाळणी समजून शाळेत वाटण्याची चूक मी झालेली पाहिली आहे.

त्या नववीतल्या मुलीची पुढे रीतसर तपासणी झाली. निदान समजावून सांगितल्यावर ती बराच वेळ वहीची कड दुमडत बसली. मग विचारले, ‘हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहितात का?’ या पुस्तकात प्रश्नावल्या तिसऱ्या प्रकरणात आल्या आहेत आणि गोपनीयता पहिल्या, ते त्यामुळे.