अल्झायमरच्या जोखमीची घरगुती जनुकीय चाचणी

घरपोच आलेल्या नळीत लाळ भरून ती टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि उतारवयात अल्झायमर होण्याची शक्यता आपल्या जनुकांमुळे वाढली आहे का, हे काही आठवड्यांनी संगणकाच्या पडद्यावर वाचायचे, असे या चाचणीचे स्वरूप आहे. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने ती लोकप्रिय केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीला आरोग्यविषयक अहवालांची विक्री थांबवायला लावली. एप्रिल २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने दहा आजारांच्या जोखमीचे अहवाल थेट ग्राहकाला देण्याची परवानगी दिली; उशिरा सुरू होणारा अल्झायमर त्यांपैकी एक. चाचणीभोवतीचा वाद तिच्या अचूकतेभोवती फिरत राहिला, पण प्रयोगशाळेचे वाचन सहसा बरोबरच असते. अडचण निराळी आहे. ग्राहकाला जाणून घ्यायचे असते, ‘मला हा आजार होईल का आणि कधी’; चाचणी उत्तर देते ते दुसऱ्याच, पुष्कळ अरुंद प्रश्नाचे.

तो प्रश्न एका जनुकापुरता आहे. १९ व्या गुणसूत्रावरील एपीओई हे जनुक शरीरात मेदाची ने-आण करणारे प्रथिन घडवते. त्याची ई२, ई३ आणि ई४ अशी तीन मुख्य रूपे असून डीएनएतील अवघ्या दोन जागांवरची अक्षरे वाचली की ती ओळखता येतात. ई४चा अल्झायमरशी संबंध अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवला, आणि तो पुढे वारंवार पडताळला गेला. २०११ मधील एका मोठ्या विश्लेषणानुसार वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत आजार होण्याची शक्यता सरसकट पुरुषांत ११ टक्के आणि स्त्रियांत १४ टक्के येते; ई४ची एक प्रत असल्यास ती अनुक्रमे २३ व ३०, दोन प्रती असल्यास ५१ व ६० टक्के होते. पुढे २०१७ मध्ये, रुग्णालयात आलेल्यांऐवजी सर्वसामान्य लोकसंख्येवर अधिक भर देणाऱ्या अभ्यासात दोन प्रतींची जोखीम ३० ते ५५ टक्के इतकी खाली आली. जनुक तेच, व्यक्तीही तीच असू शकते. आकडा मात्र कोणाला मोजायला घेतले यावर हलतो. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई४चा परिणाम सौम्य दिसतो. भारतीयांपुरते पाहायचे तर हरियाणातील बल्लभगढ येथे झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात ई४चे प्रमाण पेनसिल्व्हेनियातील तुलनेच्या गटापेक्षा कमी, पण आजाराशी त्याचे नाते तितकेच घट्ट आढळले. म्हणून न्यू जर्सीतल्या मराठी ग्राहकाने अहवालातील टक्केवारी जशीच्या तशी स्वतःला लावणे धाडसाचे ठरेल.

सर्वांत फसवे असते ते ‘ई४ नाही’ हे उत्तर. अल्झायमर झालेल्यांत ई४ नसलेलेही मोठ्या संख्येने असतात. शिवाय ज्या घराण्यांत हा आजार चाळिशी-पन्नाशीतच गाठतो, तेथे दोष बहुधा एपीपी, प्रिसेनिलिन-१ किंवा प्रिसेनिलिन-२ या जनुकांत असतो आणि ती जनुके हा अहवाल तपासतच नाही. म्हणजे ज्याला सर्वाधिक भीती बाळगण्याचे कारण आहे, त्यालाच खोटा दिलासा मिळण्याचा संभव आहे.

यावर वजनदार आक्षेप असा की माणसाला स्वतःच्या शरीराची माहिती नाकारणारे डॉक्टर किंवा सरकार कोण? त्याला पुराव्याचीही जोड आहे. रॉबर्ट ग्रीन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रिव्हील’ प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांच्या मुलांना त्यांचे एपीओई रूप सांगण्यात आले. वर्षभरात चिंता वा नैराश्य यांबाबतीत, सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या गटांत लक्षणीय फरक पडला नाही. जाणून घेण्याचा हक्क त्यामुळे मान्यच करावा लागतो. पण त्या प्रयोगात आधीच फार चिंताग्रस्त असलेल्यांना वगळले होते आणि प्रत्येकाला जनुकीय समुपदेशन मिळाले होते. त्याचा निष्कर्ष एकट्याने रात्री मोबाइलवर अहवाल उघडणाऱ्याला लागू करणे म्हणजे पोहणे सुरक्षित आहे हे जीवरक्षक हजर असलेल्या तलावावरून ठरवण्यासारखे आहे. परिणाम सूक्ष्मही असतात: २०१४ मधील एका अभ्यासात आपल्यात ई४ आहे हे माहीत असलेल्या वृद्धांनी, ई४ असूनही ते माहीत नसलेल्यांच्या तुलनेत, आपली स्मृती अधिक वाईट ठरवली आणि स्मृतीच्या चाचणीत गुणही कमी मिळवले. न जाणण्याची इच्छाही अडाणीपणाची नसते. डीएनएच्या संरचनेचे सहशोधक जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एपीओईचा भाग त्यांच्या विनंतीवरून झाकला होता. (शेजारच्या अक्षरांवरून तो ताडता येतो, हे इतर शास्त्रज्ञांनी लवकरच दाखवून दिले.)

आधी कळले तर वागणूक सुधारता येईल, हा दुसरा युक्तिवाद. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, व्यायामाचा अभाव यांकडे लक्ष दिल्यास स्मृतिभ्रंशाची जोखीम घटते हे खरे. पण हा सल्ला ई४ असणाऱ्या आणि नसणाऱ्या दोघांनाही सारखाच आहे. त्यासाठी लाळ पाठवावी लागत नाही. नव्या औषधांनी मात्र एपीओईला प्रत्यक्ष वैद्यकीय महत्त्व आले आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबच्या मुख्य प्रयोगात मेंदूला सूज येण्याचे प्रमाण ई४ नसलेल्यांत ५.४ टक्के, तर दोन प्रती असलेल्यांत ३२.६ टक्के होते. या औषधापूर्वी एपीओई तपासण्याची शिफारस त्यामुळेच आहे. पण ती लक्षणे सुरू झालेल्या रुग्णासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. निरोगी चाळिशीतल्या माणसाला हे औषध दिलेच जात नाही.

शेवटी, अहवाल एकाच्या नावाने आला तरी तो एकाचा नसतो. दोन प्रती निघाल्या, तर आई आणि वडील दोघांकडेही ई४ आहे आणि प्रत्येक अपत्याकडे किमान एक प्रत जाणार, हे त्यांपैकी कोणालाही न विचारता ठरते. अमेरिकेच्या २००८ च्या जनुकीय भेदभावविरोधी कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत संरक्षण दिले. आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याबाहेर राहिले, आणि स्मृतिभ्रंशात गरज पडते ती नेमकी शुश्रूषेच्या विम्याची. माहितीच्या सुरक्षिततेचीही शाश्वती नाही. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’च्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सह-संस्थापक ॲन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेने ती ३० कोटी ५० लाख डॉलरांना विकत घेतली. व्यवहार होईपर्यंत, आपली माहिती आणि नमुने नष्ट करण्याची मागणी कंपनीकडे करा, असे कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता ग्राहकांना सांगत होते. चुलत भावंडांच्या डीएनएतून जे ताडता येते, ते अशा मागणीने पुसले जात नाही.